आकाशातील अंतर, जमिनीवरचा वेळ

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून नाशिकजवळच्या ओझर विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ४८० किलोमीटर आहे. जानेवारी २०२१ मध्ये ‘उडान’ योजनेखाली या दोहोंमध्ये थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा रस्त्याने दहा तासांहून अधिक लागणारा प्रवास आता एका तासात होईल, असे सरकारने जाहीर केले. हे विधान खोटे नव्हते; ते अपुरे होते. आणि सार्वजनिक पैशाच्या हिशेबात अपुरे सत्यही महाग पडते.

प्रवासी विमानतळावर राहत नाही. सांबऱ्याला पोहोचणे, तासभर आधी हजर होणे, ओझरहून वीसेक किलोमीटर नाशिक शहर गाठणे, हे सारे जमेस धरले की एका तासाचे जवळजवळ चार तास होतात. चंदगडहून निघालेल्या वा सुरगाण्याला जाणाऱ्या माणसाचे तास आणखी वाढतात. तरीही वाचलेला वेळ थोडाथोडका नाही. रुग्णाला, परीक्षार्थ्याला, छोट्या कारखानदाराला तो मोलाचा आहे. म्हणून विमानप्रवास ही केवळ धनिकांची चैन असे म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. परंतु ही सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस, ५० आसनांच्या विमानाने. उरलेल्या चार दिवशी नाशिक दहा तासांवरच राहिले.

हा खर्च कोण सोसतो? योजनेनुसार विमानातील निम्म्यापर्यंत आसने ठरावीक कमाल भाड्यात द्यावयाची आणि कंपनीची तूट तीन वर्षे अनुदानाने भरून काढावयाची. महाराष्ट्र व कर्नाटकसारख्या राज्यांत या अनुदानाचा २० टक्के भार राज्य सरकारवर पडतो. उरलेला भाग मुख्यतः मोठ्या मार्गांवरील विमानांवर बसविलेल्या आकारणीतून येतो. या व्यवस्थेचे फलित काय? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मुदतीनंतर मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते केवळ ५४.

उद्घाटनाच्या दिवशी मोजलेला एक तास हा यशाचा पुरावा नव्हे. अनुदान संपल्यानंतरही सेवा टिकते काय, तिच्या वेळापत्रकाशी जोडलेली सार्वजनिक बस विमानतळाच्या दाराशी उभी असते काय, हे खरे निकष होत. घरापासून घरापर्यंत लागणारा वेळ, आठवड्यातील फेऱ्या आणि दर प्रवाशामागे पडलेले अनुदान हे तीन आकडे प्रत्येक मार्गासाठी दरवर्षी प्रसिद्ध झाले पाहिजेत. ज्या तिजोरीतून अनुदान जाते, तीच एसटीच्या रात्रीच्या गाडीसाठी रिकामी असल्याचे सांगितले जाते. त्या गाडीतील उतारूचा वेळही वेळच असतो.