प्राणी पाहावयास जातांना

सुटीच्या दिवशीं मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेल्यावर क्षणभर प्राण्यांकडे पाठ करून पाहणाऱ्या मंडळींकडे पाहावें. वाघ निजलेला दिसतांच आरोळ्या सुरू होतात. कोणी टाळ्या वाजवितो, कोणी माकडास वेडावून दाखवितो, कोणी कांचेवर थापा मारतो. पुष्कळदां पहिली आरोळी वडील माणसेंच देतात व मुलें त्यांची री ओढतात. ‘आम्ही पैसे भरून आलों, तर प्राण्यानें उठूं नये काय?’ असा त्यांचा भाव असतो. हा भाव अन्यायाचा आहे, असें आमचें नम्र मत आहे.

वन्य प्राणी परक्यापासून ठराविक अंतर राखतो व तें कमी होतांच पळ काढतो, हें स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर (१९०८–१९९२) यांनीं विस्तारानें दाखविलें आहे. परंतु ज्यास पळावयास जागाच नाहीं, त्यानें काय करावें? माणसांची संवय झाली तरी त्यांचा गलबला त्यास टाळतां येत नाहीं. मग तो कोपरा धरतो, सोबत्यावर चिडतो, किंवा त्याच त्या वाटेनें येरझारा घालूं लागतो.

उत्तर आयर्लंडांतील बेलफास्ट येथील प्राणिसंग्रहालयांत गोरिलांचें निरीक्षण करण्यांत आलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतावरून असें दिसतें कीं, प्रेक्षकांची दाटी असतां ते आपसांत अधिक भांडत व एकच चाळा पुनःपुन्हा करीत; दाटी विरळ असतां अधिक विसांवा घेत. तेथेंच पूर्वी मध्यें जाळीचा आडपडदा लावून पाहिला, तेव्हां त्यांचा त्रागा कमी झाला. नवल हें कीं, प्रेक्षकांसही ते अधिक मनोवेधक वाटले!

मग माणसांनीं जाऊंच नये काय? तसें नव्हे. २०२० च्या महामारींत टोकियोचें सुमिदा मत्स्यालय बंद असतां तेथील वाळूंत राहणारे वाम मासे माणसांस इतके विसरले कीं, रक्षक जवळ येतांच ते वाळूंत दडूं लागले. तेव्हां लोकांनीं घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावरून त्यांना आपलीं तोंडें दाखवावीं, अशी विनंती मत्स्यालयास करावी लागली. यावरून शांत सहवास सर्वच प्राण्यांस जाचतो असें नाहीं. पाहणाऱ्याचें वर्तन कसें आहे, यावर बरेंच अवलंबून आहे.

प्राणिसंग्रहालयांतील प्राण्यांस चिडविणें, खाऊ घालणें वा गोंगाटानें त्रास देणें यांस आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. परंतु प्रत्येक पिंजऱ्यापाशीं पहारेकरी कोठून आणावा? तें काम आईबापांचें आहे. त्यांनीं शेंगदाणे पिशवींतच ठेवावे व मुलाच्या हातांतील खडा खालीं टाकावयास लावावा. आणि बालमित्रहो, पुढील खेपेस तुम्हीं एकाच पिंजऱ्यासमोर दहा मिनिटें मुकाट्यानें उभें राहून पाहा. वाघ निजला असेल तर त्यास निजूं द्या. निजलेल्या वाघाचा कान माशी बसतांच कसा हलतो, हें आरोळी मारणाऱ्यास कधींच दिसत नाहीं.