मुळशीचा धबधबा आणि आपला हुरडा



पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे मोटारींची रांग लागते. धबधबे, अंधारबनाची वाट, मुळशीचं तळं. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आपल्याकडे कित्येक साली अख्ख्या खरिपाला एवढा मिळत नाही. हीच मुळशी दाखवून आता आपल्याला सांगतात, कापसाच्या भावाचं रडगाणं सोडा, कृषी पर्यटन करा.

मग मुळशीत काय झालं ते पाहू. ते तळं देवानं दिलेलं नाही. टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या. 1921 साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरतं, वीज मुंबईला जाते. उरलेल्या उतारावर पुढे बंगले नि रिसॉर्ट आले. लवासाचं मोठं स्वप्न 2018 साली दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. आंबेमोहोर पिकवणाऱ्याचा पोरगा आपल्याच जुन्या बांधावर वॉचमन झालेला दिसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; भात तोट्यात गेला की माणूस जमीन विकणारच.

पर्यटनाला आमचा विरोध नाही. गिऱ्हाईक दारात आलं की अडत नाही, हमाली नाही, कडता नाही. शहरवाला गुळभेंडीचा हुरडा हौसेनं खातो, आणि क्विंटलला कधी मिळणार नाही तो दर ताटाला देतो. पण हिशेब नीट करा. ओलिताच्या शेतात टप्प्याटप्प्यानं पेरून हुरडा लांबवता येतो. कोरडवाहूत ओल आहे तोवर एकदमच पेरावं लागतं, आणि दहा-पंधरा दिवसांत दाणा कडक होतो. तेवढ्यासाठी संडास, सावली, पिण्याचं पाणी हा खर्च आधी. शिवाय सगळा जिल्हाच हुरडा विकायला बसला तर खाणार कोण?

ज्याचं शेत सडकेला आहे, विहिरीला पाणी आहे, त्यानं अर्ध्या एकरावर जरूर करून पाहावं. भांडवलवाला आला तर जमीन विकू नये; मुदतीचा करार करावा, आणि तोही कूळकायद्यात अडकणार नाही असा, वकिलाला दाखवून. सातबारा आपल्याच नावावर राहिला पाहिजे. साहेब सभेत पर्यटनाची योजना घेऊन आले, तर आधी एवढंच विचारा: गेल्या हंगामात आमच्या बाजारात हमीभावानं कापूस खरेदी किती दिवस चालली?