प्लायवूड दोघांचंही

डेफ लेपर्डनं १९८७ साली रॉकचं वाटोळं केलं आणि गन्स एन रोझेसनं येऊन ते निस्तरलं, असं या आठवड्यात एका इंग्रजी पॉडकास्टवर दोन तरुण तासभर सांगत होते. आवाजातला आत्मविश्वास असा, की दोघंही त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर मुक्कामाला असावेत. जन्म अर्थात नंतरचे. एक बँड अस्सल, दुसरा बनावट. एक रस्त्यावरचा, दुसरा प्रयोगशाळेतला. मध्येमध्ये गादीची जाहिरात.

या सदराचे जुने वाचक आता गालात हसत असतील. डेफ लेपर्डच्या 'पायरोमेनिया' या अल्बमवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचा सूर 'हे काय रॉक आहे का?' असाच होता, आणि मी तेव्हा दिलेलं उत्तर कुणालाच पटलं नव्हतं. त्यामुळे त्यांचा निर्माता मट लँग कोण, थॉमस डॉल्बी टोपणनावानं कीबोर्ड वाजवून कसा गेला, मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'नं त्या अल्बमला अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर कसं रोखून धरलं, हे पुन्हा उगाळत नाही. आज फक्त दोन तारखांकडे बघा.

गन्स एन रोझेसचा 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' आला २१ जुलै १९८७ ला. डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' आला ३ ऑगस्टला. मध्ये दोन आठवडेसुद्धा नाहीत. अमेरिकेत दोन्ही अल्बम वर्षभर रखडत रखडत वर चढले. 'हिस्टेरिया' पहिल्या नंबरवर पोचला जुलै १९८८ च्या उत्तरार्धात आणि 'ॲपेटाइट' ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सप्टेंबरमध्ये गन्स एन रोझेसचं 'स्वीट चाइल्ड ओ माइन' एक नंबरला, ऑक्टोबरमध्ये डेफ लेपर्डचं 'लव्ह बाइट्स'. ज्यानं ज्याला संपवलं म्हणतात ते दोघे एकाच शिडीवर, एकमेकांच्या पायऱ्या धरून चढत होते. घेणारी पोरंही बहुतेक तीच असणार. याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण त्या वयातल्या पोरांना मी ओळखतो. ती समीक्षा वाचून कॅसेट घेत नाहीत.

आता 'हिस्टेरिया' कसा झाला ते बघू, कारण बदनामीचं सगळं सामान तिथेच आहे. तीन वर्षांहून जास्त काळ. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला लँग नव्हताच. तो दमला होता, म्हणून मीट लोफवाल्या जिम स्टाइनमनला बोलावलं आणि मग काढून टाकलं. नायजेल ग्रीन या इंजिनिअरला घेऊन बँडनं स्वतः रेटून पाहिलं, तेही फारसं जमलं नाही. शेवटी लँग परत आला. त्याचं ध्येय साधं आणि वेडं होतं: रॉकचा 'थ्रिलर'. म्हणजे भरतीचं गाणं एकही नाही, प्रत्येक गाणं सिंगल म्हणून निघण्याच्या लायकीचं. त्यासाठी गिटार मोठ्या मार्शल अँपमधून न वाजवता 'रॉकमन' नावाच्या, वॉकमनएवढ्या डबीतून रेकॉर्ड केली. ही डबी बोस्टन बँडच्या टॉम शोल्झची निर्मिती. एकटी ऐकली तर तिचा आवाज पातळ, आधीच दाबून बसवलेला. लँगला नेमका तोच हवा होता. जाड आवाज एकावर एक रचले की चिखल होतो. पातळ आवाजांचे थर चढवत गेलं तरी मध्ये गळ्यांना जागा उरते. आणि गळे किती! 'हिस्टेरिया'तला कोरस म्हणजे चार-पाच माणसांनी तेच तेच पुन्हा पुन्हा गाऊन उभी केलेली अख्खी गर्दी, आणि त्या गर्दीत लँग स्वतःही आहे.

ड्रम्स हा टीकाकारांचा सर्वांत आवडता विषय. एकेक ठोका वेगळा घेऊन, संगणकात साठवून, मागाहून जुळवलेला. 'माणूस वाजवत नाही, यंत्र वाजवतं.' ३१ डिसेंबर १९८४ ला शेफिल्डजवळच्या अपघातात बँडचा ड्रमर रिक ॲलननं डावा हात गमावला. डाव्या हाताचं काम डाव्या पायानं करता यावं म्हणून त्यानं इलेक्ट्रॉनिक संच बनवून घेतला, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मैदानावर, हजारोंसमोर तो वाजवला. त्या माणसाला 'यंत्र' म्हणण्याआधी जीभ जरा अडखळावी. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की ठोके जोडण्याचं तंत्र अपघातामुळे आलेलं नाही. 'पायरोमेनिया'वर ते आधीच होतं. ॲलनचे दोन्ही हात शाबूत असते तरी लँगनं हेच केलं असतं.

आणि एवढ्या मोजमापाच्या कारखान्यात सर्वांत गाजलेलं गाणं कसं आलं? अल्बम संपत आला असताना गायक जो एलियट कोपऱ्यात गिटारवर काहीतरी खाजवत बसला होता, ते लँगच्या कानावर पडलं. 'पोअर सम शुगर ऑन मी' जेमतेम दोन आठवड्यांत तयार झालं. तीन वर्षांचा घाम एका बाजूला आणि चहाच्या सुट्टीतलं हे गाणं दुसऱ्या.

आता अस्सलवाल्यांकडे चला. 'ॲपेटाइट'चे मूळ ट्रॅक कॅलिफोर्नियातल्या रंबो स्टुडिओत साधारण दोन आठवड्यांत झाले. इथे पॉडकास्टवाले थांबतात आणि टाळ्या वाजवतात. पुढे काय झालं ते ऐका. निर्माता माइक क्लिंक यानं प्रत्येक गाण्याचे चांगले चांगले तुकडे निवडले, टेप ब्लेडनं कापली आणि चिकटवली. मग महिनाभर दिवसाचे अठरा तास काम. गिटारवादक स्लॅश दुपार-संध्याकाळ गिटारवर गिटार चढवायचा. गायक अ‍ॅक्सल रोझचा हट्ट असा, की गाणं ओळीओळीनं रेकॉर्ड करायचं: एक ओळ, पटेपर्यंत, मग पुढची. बाकीचा बँड कंटाळून स्टुडिओबाहेर निघून जायचा. गटारातून थेट माइकवर आलेली ती बेबंद किंकाळी अशी ओळ ओळ पारखून उभी केलेली आहे. मला ती कमालीची आवडते, आणि हे कळल्यापासून जास्तच.

अजून एक. स्लॅशला मनासारखा आवाज मिळत नव्हता. मिळाला तो गिब्सन लेस पॉलच्या एका नकलेतून. क्रिस डेरिग नावाच्या कारागिरानं हातानं बनवलेली हुबेहूब प्रतिकृती. अस्सलपणाचा जो सूर पोरं आजही आपल्या अँपमधून काढायला धडपडतात, तो डुप्लिकेट गिटारचा आहे. एवढी एकच गोष्ट त्या पॉडकास्टवर कुणीतरी सांगायला हवी होती, पण तेव्हा गादीची जाहिरात चालू होती.

तर फरक कुठे आहे? फरक आहे, आणि तो मोठा आहे. लँगनं सनमायका लावला आणि चकचकीत दिसेल असा लावला. क्लिंकनं सागवानी रंग मारला, वर दोन खिळे मुद्दाम उघडे ठेवले. आत प्लायवूड दोघांचंही. रॉकच्या समीक्षकाला खिळा दिसला की गहिवर येतो. ज्यानं जोड लपवला तो प्रामाणिक आणि ज्यानं 'हो, हे बनवलेलं आहे' असं उघड सांगितलं तो लबाड, हा न्याय मला गेल्या पस्तीस वर्षांत कुणी समजावून दिलेला नाही.

बरं, 'ॲपेटाइट'साठी आधी कुणाचं नाव चर्चेत होतं? मट लँगचं. त्या काळच्या हकिगतींत येतं ते असं, की एवढ्या नामांकित निर्मात्यावर जास्तीचे पैसे घालायची कंपनीची तयारी नव्हती. म्हणजे रॉकचा उद्धार तत्त्वापोटी झाला की बजेटपोटी, हा प्रश्न उरतोच. आणि लँग हा काही जन्मजात चकचकीतपणाचा रोगी नव्हे. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' त्याचाच. १९८० मध्ये बहामाजच्या नासाऊत काही आठवड्यांत आटपलेला, आणि त्यात एक कीबोर्ड सापडला तर मला कळवा. हात तोच, कान तोच. समोरच्या बँडला काय शोभतं ते त्यानं ओळखलं, एवढंच.

डेफ लेपर्डला पॉप शोभत होतं, कारण ते त्यांच्या रक्तातच होतं. शेफिल्डची ही पोरं स्वीट, स्लेड, टी. रेक्स, मॉट द हूपल, क्वीन ऐकत मोठी झाली. १९८० च्या आसपास ब्रिटनमध्ये हेवी मेटलची नवी लाट आली, तेव्हा नियतकालिकांनी त्यांना त्या टोपलीत टाकलं. पोरं स्वतःहून त्यात शिरली नव्हती. 'अमेरिकेला विकले गेले' म्हणून त्याच वर्षी रेडिंगच्या महोत्सवात त्यांच्यावर वस्तू भिरकावल्या गेल्या. तेव्हा त्यांचा एकच अल्बम निघाला होता. विकायला अजून फारसं काही नव्हतंच.

नकलाकारांचं मात्र मी समर्थन करणार नाही. 'हिस्टेरिया'नंतर दोन-तीन वर्षं ज्यांनी फक्त झिलई उचलली, लँगची चिकाटी उचलली नाही, त्यांचे ड्रम्स आज रिकाम्या गोदामात दरवाजा आपटल्यासारखे वाजतात. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, आपल्या मुंबईच्या रॉक मशीननं 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला. कीबोर्ड त्यांच्याकडेही होता, सुरेल कोरसची ओढही होती. तीन वर्षं आणि मट लँग नव्हता. तेवढ्या साधनांत त्यांनी जे केलं त्याला 'बनावट' म्हणणारे रंगभवनाबाहेर तेव्हाही भेटायचे.

आणि माझं नेहमीचं रडगाणं, सहन करा: 'हिस्टेरिया'चं मिक्सिंग माइक शिप्लीचं. ज्या झिलईवर चाळीस वर्षं वाद चाललाय ती ज्याच्या बोटांतून उतरली, त्याचं नाव गाण्याच्या ॲपवर शोधायला बसा. गायकाचा फोटो हलतो, शब्द रंगीत होऊन सरकतात, पण ध्वनिमुद्रकाची ओळ असलीच तर आत कुठेतरी दडलेली. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर, भिंग लावून का होईना, ती समोर होती.

मला सर्वांत जास्त मजा वाटते ती पुढच्या प्रकरणाची. रस्त्यावरच्या त्या अस्सल बँडनं १९९३ नंतर पुढचा स्टुडिओ अल्बम कधी दिला? २००८ मध्ये. पंधरा वर्षं, एकामागून एक स्टुडिओ, एकामागून एक गिटारवादक, निर्माते आले आणि गेले. त्यात क्वीनच्या थरांवर थर चढवणारा रॉय थॉमस बेकरही होता. 'चायनीज डेमोक्रसी' ऐका. लँगसुद्धा म्हणाला असता, अरे, आता पुरे. ओळीओळीनं गाणाऱ्या त्या माणसाचा कल पहिल्यापासून कुठे होता, हे १९८७ मध्येच कळायला हवं होतं. त्याला फक्त तेव्हा वेळ आणि पैसा मिळाला नव्हता.

पॉडकास्टच्या पुढच्या भागात निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'नं सगळी झिलई कशी खरवडून काढली, ते सांगणार आहेत म्हणे. त्यांचा गायक कर्ट कोबेनचा आवाज निर्माता बुच विगनं दोन-दोनदा गाऊन घेऊन जाड केला होता, आणि अँडी वॉलेसनं केलेलं मिक्स इतकं तुकतुकीत झालं की नंतर खुद्द कोबेनच त्याबद्दल कुरकुरत होता. बघू, गादीच्या जाहिरातीआधी सांगतात का नंतर.