जुन्या गोळ्यांचा डबा

बहुतेक घरांत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात अर्ध्या पट्ट्या, खोकल्याच्या औषधाची चिकट बाटली आणि गेल्या वर्षीचे डोळ्यांत घालायचे थेंब. ‘असू दे, लागेल कधी’ म्हणून ठेवलेले. हे थेंब बाटली फोडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात. गोळ्यांची पट्टी कापून आणली, तर मुदतीची तारीख बहुधा दुकानातल्या तुकड्यावरच राहते!

मग कधीतरी साफसफाई निघते आणि सगळा डबा उकिरड्यावर रिकामा होतो. तिथे शेळ्या चरतात, पोरे खेळतात. रंगीत गोळी लहान मुलाला लिमलेटसारखीच दिसते. चुलीत जाळणे किंवा विहिरीत टाकणे त्याहून वाईट.

केरळात २०२५ साली घरची जुनी औषधे गोळा करण्याची सरकारी योजना कोझिकोडपासून सुरू झाली. आपल्या नगरपालिकेला आणि औषध विक्रेत्यांना हे जमू नये काय? माझ्या मते सहज जमेल.

तोवर गोळ्या पट्टीतून काढून ओल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळ्या द्या. पातळ औषधाचेही तेच. अपवाद ट्रॅमाडॉल, फेंटानिलसारख्या कडक वेदनाशामकांचा. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या २०२५ च्या सूचनेनुसार ती संडासात टाकून भरपूर पाणी ओतावे. कॅन्सरच्या रुग्णाच्या अंगावरून काढलेल्या फेंटानिलच्या चिकटपट्टीतही लहान मुलाचा जीव जाईल इतके औषध शिल्लक असते. इन्सुलिनच्या सुया मात्र जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून द्याव्यात.