बर्फ कुणाचा?
चांद्रयान-१वरील नासाच्या उपकरणाने २००९मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा टिपल्या. त्याच वर्षी नासाच्याच एल्क्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा कॅबियस विवरात आदळवला, तेव्हा उडालेल्या धुरळ्यात बर्फ आणि वाफ सापडली. दक्षिण ध्रुवाजवळच्या अशा कायम अंधाऱ्या विवरांतले पाणी फोडले, की हायड्रोजन व ऑक्सिजन. म्हणजे इंधनाची आणि श्वासाची, दोन्हींची सोय. म्हणूनच त्या ध्रुवावरच्या शॅकलटन विवराच्या कडेला आज भाव आला आहे. १९६७चा अंतराळ करार कोणत्याही देशाला चंद्रावर मालकी सांगू देत नाही. खणून काढलेल्या बर्फाबद्दल मात्र तो गप्प आहे. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात कामाच्या जागेभोवती ‘सुरक्षा क्षेत्रे’ आहेत. कागदोपत्री कुंपण नाही, पण शेजाऱ्याने विचारून पाऊल टाकायचे! भारताने २०२३मध्ये या करारावर सही केली. या क्षेत्रांची हद्द आणि मुदत कोण ठरवणार, हे दिल्लीने आताच विचारावे.