कर हवा, कड नको

डोळे मिचकवा. मान डावीकडे वळवा, आता उजवीकडे. तुम्ही कुठे उभे आहात त्याचे अक्षांश-रेखांश द्या. पॅन द्या, ओळखपत्र द्या आणि बँक खाते तुमचेच आहे का, हे पाहण्यासाठी आम्हाला त्यात एक रुपया टाकू द्या. फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने, म्हणजे एफआययूने, जानेवारी 2026 मध्ये काढलेल्या सुधारित सूचनांनुसार क्रिप्टो एक्स्चेंजवर नवे खाते उघडणाऱ्याला आता ही सगळी कवायत करावी लागते. पाठोपाठ १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाने एक्स्चेंजांवर दंड आणला. व्यवहारांचे विवरण दिले नाही तर दिवसाला 200 रुपये, खोटे दिले तर 50 हजार. यावर ‘क्रिप्टोला शिस्त लागणार’ असे ढोल वाजू लागले आहेत. शिस्त नेमकी कोणाला लागणार? नजर ठेवली जाणार आहे ती ग्राहकावर. त्याचा पैसा बुडाला तर कोण उभे राहणार, याचे उत्तर सूचनांत नाही, अर्थसंकल्पात नाही आणि देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही.

सरकार या धंद्यातून कमावते किती, तेही पाहू. 1 जुलै 2022 पासून क्रिप्टोच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. पहिल्या तीन आर्थिक वर्षांत त्यातून सुमारे 1,096 कोटी रुपये जमा झाले आणि त्यातला साठ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा, म्हणजे साधारण 661 कोटी, अशी माहिती सरकारनेच लोकसभेत दिली. (काही मोठ्या एक्स्चेंजांची कार्यालये मुंबईत आहेत, हे त्याचे एक कारण. उगाच छाती फुगवण्याची गरज नाही.) 2024-25 या एका वर्षाचा टीडीएस 511 कोटींच्या वर गेला. एक टक्क्याने 511 कोटी, म्हणजे वर्षाला 50 हजार कोटींहून मोठी उलाढाल. ही फक्त कागदावर आलेली उलाढाल झाली. परदेशी ॲपवरून आणि टेलिग्रामच्या ग्रुपमधून होणारी वेगळीच. एवढा मोठा बाजार सरकारच्या डोळ्यांदेखत चालतो, सरकार त्यातून आपला हिस्सा उचलते आणि ‘हे कायदेशीर आहे का?’ असे विचारले की वर पाहते.

हिस्साही कसा उचलते पाहा. कोणी एका नाण्यात लाख रुपये कमावले आणि दुसऱ्यात लाख गमावले, तर त्याच्या हातात उरले शून्य. कोणत्याही दुकानदाराला विचारा, नफा नाही म्हणजे कर नाही असेच तो सांगेल. पण क्रिप्टोत तोटा वजा करता येत नाही. कमावलेल्या लाखावर 30 टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर असे 31,200 रुपये भरावेच लागतात. लॉटरीच्या बक्षिसालाही हाच 30 टक्क्यांचा दर. म्हणजे शून्य नफ्यावर ग्राहकाने 31,200 भरायचे आणि कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या एक्स्चेंजने खोटे विवरण दिले तर 50 हजारांत सुटका! याला नियमन म्हणत नाहीत. ही वसुली आहे.

वसुलीलाही ना नसती, तिच्या बदल्यात संरक्षण मिळाले असते तर. गेल्या आठ वर्षांत त्या बाबतीत काय झाले? एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रिप्टो व्यावसायिकांना सेवा देऊ नका, असे बँकांना बजावले. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. दरम्यान 2019 मध्ये सुभाषचंद्र गर्ग समितीने सरळ बंदीची शिफारस केली होती. 2021 च्या हिवाळी अधिवेशनात विधेयक कामकाजाच्या यादीत आले, सभागृहात मात्र आलेच नाही. 2022 मध्ये कर आला. मार्च 2023 मध्ये एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. चर्चापत्र येणार, येणार म्हणून सांगितले गेले, त्याची वाट आपण अजून पाहतो आहोत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला टोकले की 30 टक्के कर लावता म्हणजे तुम्ही त्याला मान्यता दिलीच आहे, मग नियमन का करत नाही? हा व्यवहार म्हणजे हवालाचा सुधारित अवतार आहे, असेही न्यायालय म्हणाले. सरकारच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

कायदा करायला वेळ लागतो, विषय किचकट आहे, ही सबब आता चालणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारे विधेयक 20 तारखेला लोकसभेत मंजूर झाले, 21 ला राज्यसभेत आणि 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. तीन दिवस! मनात आले की तीन दिवस पुरतात आणि मनात नसले की आठ वर्षेही कमी पडतात.

सोलापूरकरांना हे का सांगायचे? कारण बुडण्याचे दोन प्रकार या जिल्ह्याने जवळून पाहिले आहेत. पहिला लक्ष्मी बँकेचा. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीदारांच्या पोटात गोळा आला, पण मागे कायदा उभा होता. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे कवच होते आणि जवळपास 99 टक्के ठेवीदार पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरले. कारभाऱ्यांनी बँक बुडवली तरी म्हाताऱ्या पेन्शनराच्या हाती त्याचे पैसे पडण्याची सोय होती. दुसरा प्रकार बार्शीचा. शेअर बाजारात पैसे कित्येक पट करून देतो म्हणणाऱ्या विशाल फटे याच्याकडे व्यापारी, नोकरदार, शेतकरी अशा सगळ्यांनी पैसे दिले. जानेवारी 2022 मध्ये गुन्हा दाखल झाला, आरोपीने आधी यूट्यूबवर चित्रफीत टाकली आणि मग तो पोलिसांपुढे हजर झाला. तिथे विमा नव्हता, विमा देणारे महामंडळ नव्हते. होत्या त्या पोलीस ठाण्याबाहेरच्या रांगा.

क्रिप्टोचा ग्राहक आज कोणत्या रांगेत आहे? नोंदणीकृत एक्स्चेंजवर, पॅन देऊन, टीडीएस कापून घेऊन व्यवहार केला तरी तो बार्शीच्याच रांगेत आहे. पटत नसेल तर वझीरएक्सचे प्रकरण आठवा. 18 जुलै 2024 रोजी या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे दोन हजार कोटींची क्रिप्टो चोरीला गेली. ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांनी केल्याचे पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जाहीर केले. ग्राहक भारतातले, कर भारतात भरलेला, पण पैसे परत कसे द्यायचे याची योजना मंजूर झाली सिंगापूरच्या न्यायालयात. सगळे मार्गी लागायला ऑक्टोबर 2025 उजाडला. काही पीडितांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते, तिथून त्यांना एप्रिल 2025 मध्ये रिकाम्या हाताने परतावे लागले. वर्ष उलटते न उलटते तोच, जुलै 2025 मध्ये, कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजवर साडेतीनशे कोटींहून मोठा डल्ला पडला. कंपनीने नुकसान स्वतःच्या तिजोरीतून भरून काढले म्हणून ग्राहक वाचले. ते कंपनीच्या कृपेने वाचले, कायद्याने नव्हे. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते, एवढे साधे वाक्य लिहायलाही अखेर मद्रास उच्च न्यायालय लागले.

ग्राहकाला कायद्याचे संरक्षण देणे अशक्य नाही. टोकियोतले माउंट गॉक्स एक्स्चेंज 2014 मध्ये कोसळल्यावर जपानने धडा घेतला आणि एप्रिल 2017 पासून एक्स्चेंजांना नोंदणी सक्तीची केली. ग्राहकाचा पैसा कंपनीच्या पैशात मिसळायचा नाही, हा दंडक घातला. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाले, जगभरचे ग्राहक हात चोळत बसले आणि जपानमधल्या ग्राहकांना तीनेक महिन्यांत पैसे काढता येऊ लागले. एक्स्चेंज तेच, बाजार तोच, फरक फक्त कायद्याचा.

आपल्याकडे कायदा नाही म्हणून काय होते, त्याचे सर्वांत लाजिरवाणे उदाहरण महाराष्ट्राच्याच नावावर आहे. गेनबिटकॉइन! महिन्याला दहा टक्के, तेही 18 महिने, अशी लालूच दाखवून अमित भारद्वाजच्या टोळीने देशभरातून बिटकॉइन गोळा केल्याचा आरोप आहे. देण्याची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच नाणे लोकांच्या माथी मारले. ईडीच्या हिशेबाने हा घोटाळा 6,600 कोटींचा. पुण्यात दत्तवाडी आणि निगडीत गुन्हे दाखल झाले, 2018 मध्ये भारद्वाजला अटक झाली, 2022 च्या जानेवारीत तो मरण पावला. त्यानंतर दोनच महिन्यांत पुणे पोलिसांनी अटक केली ती तपासाला मदत म्हणून बोलावलेल्या दोन सायबर तज्ज्ञांना. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. आरोप काय, तर जप्तीतलेच बिटकॉइन परस्पर वळवल्याचा. कुंपणाने शेत खाल्ले म्हणतात ते हेच. प्रकरण सीबीआयकडे गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये देशभरात साठहून अधिक ठिकाणी छापे पडले, त्यात पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होते. एवढ्या धावपळीत हाती लागली सुमारे 24 कोटींची क्रिप्टो. मधल्या काळात, 2024 च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, याच बिटकॉइनवरून राजकीय चिखलफेकही होऊन गेली. नेत्यांना बिटकॉइन आठवले ते एका रात्रीपुरते, गुंतवणूकदार मात्र आठ वर्षे तारखा मोजतो आहे.

पुण्यासारख्या शहराच्या पोलिसांना खासगी तज्ज्ञ आणावे लागले, तर मोहोळ-अक्कलकोटच्या पोलीस ठाण्यात ‘यूएसडीटी नाणी गेली’ म्हणून आलेल्या माणसाची तक्रार कोण लिहून घेणार? ठाणे अंमलदाराने वॉलेट, की, हॅश यातले काय नोंदवायचे? जप्त केलेली क्रिप्टो ठेवायची कुठे, तिची किंमत कोणत्या दिवशीची धरायची? हे ठरलेले नसले की पोलीस जे करता येते तेच करतात, बँक खाते होल्ड करतात. आणि त्या होल्डमध्ये अनेकदा अडकतो तो चार पैशांसाठी खाते भाड्याने देणारा कॉलेजचा पोरगा. मूळ सूत्रधार दुबईत किंवा आणखी कुठे.

रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आम्हाला माहीत आहे. क्रिप्टोमागे काही मूल्य नाही, हे पॉन्झीपेक्षा वाईट असू शकते, कायदा केला तर त्याला प्रतिष्ठा मिळेल. मूल्याबद्दलची शंका रास्त आहे. पण प्रतिष्ठा द्यायची राहिली आहे कुठे? हॉटेलच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांवर ‘सेमिनार’ घेणाऱ्या एजंटाच्या हाती सरकारनेच हुकमाचा पत्ता दिला आहे. ‘साहेब, बेकायदा असतं तर गव्हर्मेंटनं टॅक्स घेतला असता का?’ या एका वाक्यावर पासबुके रिकामी होतात. त्याला उत्तर देणारे दुसरे वाक्य सरकारने अजून लिहिलेलेच नाही. नोंदणीकृत एक्स्चेंज कोणते, महिन्याला ठरावीक परताव्याचे आमिष दाखवणारा गुन्हेगार कसा, हे साध्या मराठीत एसटी स्टँडवर लावलेला एक फलक तरी कोणी पाहिला आहे?

लोक लोभी आहेत, बुडतील नाही तर काय, असे म्हणणाऱ्यांनी जरा सोलापूरच्या पूर्व भागात फिरून यावे. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले. यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणाऱ्याच्या आणि विड्या वळणारीच्या घरातला मुलगा शिकला की पुण्याची गाडी धरतो. जो मागे राहतो त्याच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये ‘रोज पाचशे कमवा’. लोभ आहेच, त्याची तरफदारी आम्ही करत नाही. पण गावात रोजगार नाही, ठेवीचे व्याज महागाईतच विरते आणि पतसंस्थेवर विश्वास उरलेला नाही, तिथे दामदुपटीची थाप खपणारच. ती खपवणाऱ्याला आवरणे हे सरकारचे काम. ते सोडून सरकार गिऱ्हाइकाला डोळे मिचकवायला लावते आहे.

एक तर बंदी घाला, नाही तर कायदा करा. बंदी घालायची हिंमत नसेल, आणि 1,096 कोटी पाहता ती होणार नाही, तर ग्राहकाचा पैसा वेगळा ठेवणे एक्स्चेंजवर बंधनकारक करा, चोरी झाल्यास भरपाईची सोय लावा, वाद भारतातल्या न्यायालयात सुटेल असे पाहा, तोटा वजा करू द्या आणि प्रत्येक जिल्ह्याच्या सायबर ठाण्याला स्वतःचा प्रशिक्षित माणूस द्या. सोलापूर, माढा आणि बार्शी ज्यात येते त्या धाराशिवच्या खासदारांनी संसदेत उभे राहून अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना एवढेच विचारावे: महाराष्ट्रातून घेतलेल्या 661 कोटींतला किती पैसा ग्राहकाच्या संरक्षणावर खर्च झाला, आणि क्रिप्टोचा कायदा कोणत्या तारखेला येणार?