पारणं कसं झालं, तेही विचारा

बेंगळुरूच्या चिकपेटमधल्या कुटुंबाची केस हिस्टरी एका भाषेत पुरी होत नाही. समजा, भावसार क्षत्रिय घरातली सोळा वर्षांची मुलगी आहे. आजीशी मराठी, गल्लीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. शेजारपाजार मारवाडी-गुजराती जैनांचा. वजन झपाट्याने उतरलंय, पाळी बंद आहे आणि आपल्या हातात खाण्याच्या विकारांची ईट-२६ ही प्रश्नावली. २० गुण भरले तर पुढची तपासणी, नाही तर घरी. एवढ्यावर निभावू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

किंग आणि भुगरा यांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच प्रश्नावलीच्या हिंदी रूपावर २९ टक्के मुली मर्यादेच्या वर गेल्या. पण काही विधानं त्यांनी भलत्याच अर्थाने घेतली होती आणि उपासतापासही गुणांत मिसळले होते. याच्या उलटी चूक, म्हणजे खरा आजार निसटणं, जास्त घातक. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांच्या १९९३ च्या अभ्यासात अ‍ॅनोरेक्सियाच्या ७० रुग्णांपैकी ४१ जणांना जाड होण्याची भीती कधीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, अशा त्यांच्या तक्रारी. आपल्याकडे हे ‘पित्त’ ठरतं. अँटासिड, मग एंडोस्कोपी, आणि मोलाचे महिने निघून जातात. डीएसएम-५ ने २०१३ मध्ये भीतीची अट सैल केली, वजन वाढू न देणारं सततचं वागणंही ग्राह्य धरलं. आपली विचारपूस मात्र अजून भीतीपाशीच घुटमळते.

म्हणून वागणं विचारा, आणि बारकाईने विचारा. एकादशी, संकष्टी किंवा पर्युषणातली अठ्ठाई यांना आजार म्हणणं चूक आहे, त्या घराचा अपमानही आहे. पण उपासाच्या आडोशाला आजार बेमालूम लपतो. पारणं कसं झालं? काय घेतलं, कुणाच्या हातून, किती? लगेच उठून बाथरूमकडे गेली का? चार दिवसांत ताट पूर्वीसारखं झालं, की तोवर नवा नेम धरला? व्रताला तिथी असते, ते सुटतं, आणि घरचे सगळे ते सोडायला भोवती असतात. या मुलीचं पारणं दर वेळी पुढे ढकललं जात असेल, तर तिथे थांबून खोदून विचारावं.

हे आजीला ठाऊक असतं, कारण ताट ती वाढते. तिच्याशी मराठीत, स्वतंत्र बोला. मराठी येत नसेल तर सहकारी बोलवा. मुलीलाच दुभाषी करू नका, ती नेमकं हेच गाळेल.

नाडी, आडवं आणि उभं बीपी, पोटॅशियम हे मात्र त्याच दिवशी पाहा. भाषेची सोय होईपर्यंत त्यासाठी थांबू नका.